दगडातील बोल्ट आणि लोखंडी खांब: एका सांध्याचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील लोखंडी बांधकामाचा इतिहास बहुधा लांबी-उंचीच्या हिशेबाने सांगितला जातो. अमुक पुलाचा गाळा किती फुटांचा, तमुक मनोरा किती मीटरांचा, त्यासाठी लोखंड किती टन लागले, अशा आकड्यांनी ग्रंथांची पाने भरलेली असतात. लोखंड जेथे दगडावर टेकते त्या जागेकडे मात्र इतिहासकाराची दृष्टी क्वचितच वळते. वस्तुतः बांधकामाच्या अडचणींचा मोठा भाग त्या हातभर जागेत साठलेला असतो. तेथे दोन पदार्थ एकमेकांना भेटतात, एवढेच नव्हे, तर दोन कसब, दोन मापे आणि पुष्कळदा दोन कंत्राटे एकमेकांना भेटतात. गवंडी ओळंबा, गुण्या आणि दोरी घेऊन काम करतो. त्याच्या हिशेबी एखाद्या सुताचा फरक हा फरकच नव्हे. कारखान्यातील यंत्रकार मात्र त्याच सुताचे आणखी तुकडे पाडतो. गवंड्याने पायात पुरलेला बोल्ट यंत्रकाराने पाडलेल्या भोकात शिरला पाहिजे, ही त्या सांध्याची साधी अट आहे. आणि ती पुरी होत नाही तेव्हा काय करावयाचे, हा प्रश्न गेली दीडशे वर्षे बांधकामाच्या जागेवर नित्य उपस्थित होत आलेला आहे.

ज्याला कारागीर 'फाउंडेशन बोल्ट' म्हणतात तो पायाचा बोल्ट दिसावयास क्षुल्लक असतो. लोखंडाची एक जाड सळई, खालच्या टोकाला आकडा अगर चकती, वरच्या टोकाला आटे आणि नट. असे चार, सहा किंवा अधिक बोल्ट पायात उभे पुरावयाचे, त्यांची टोके वर सोडावयाची, आणि खांबाची तळपट्टी तिच्या भोकांतून त्यांवर उतरवून नट आवळावयाचे. चूक होण्याच्या वाटा पुष्कळ असतात. काँक्रीट ओतताना बोल्ट कलतो; लाकडी फर्मा सरकतो; आराखड्यातील मध्यरेषा एकाने भिंतीची समजावी आणि दुसऱ्याने खांबाची; बोल्टांचा सगळा गटच काटकोनातून फिरलेला असावा; किंवा टोक इतके खाली राहावे की नटाला आटेच मिळू नयेत. यांपैकी एकही चूक पाया घालताना सहसा ध्यानात येत नाही. ती उघडकीस येते ती खांब दोरखंडाला लटकत असताना, म्हणजे ती सुधारण्यास सर्वांत गैरसोयीच्या क्षणी.

जुन्या पद्धतीत ही अडचण इतकी तीव्र नव्हती. दगडात लोखंड बसवावयाचे तर आधी दगड रचून घ्यावयाचा, मग त्यात खड्डा कोरून दातेरी बुंध्याचा बोल्ट उभा करावयाचा आणि भोवती वितळलेले शिसे किंवा गंधक ओतावयाचे, ही रीत युरोपात दीर्घकाळ रूढ होती. गिरण्यांच्या वाफेच्या इंजिनांसाठी घडीव दगडांचे जे ओटे बांधीत, त्यांत बोल्टांसाठी आरपार भोके आणि तळाशी माणसाचा हात पोचेल असे बोगदे ठेवलेले असत. बोल्ट इंजिनाबरोबर येई, भोकात सोडला जाई आणि खालून पाचर मारून अडकविला जाई. दोन्ही रीतींत एक गोष्ट समान होती: बोल्ट सर्वांत शेवटी बसे. यंत्र जेथे येईल तेथे बोल्ट जाई. पोर्टलंड सिमेंटचे काँक्रीट सर्रास वापरात आल्यावर हा क्रम उलटला. आता बोल्ट आधी पुरला जाऊ लागला आणि खांब मागाहून येऊ लागला. काँक्रीट एकदा आवळले की बोल्टाची जागा कायमची ठरली. चुकलेल्या बोल्टांचा प्रश्न हा अशा रीतीने काँक्रीटचाच जुळा भाऊ आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अंतराने या अडचणीत भर घातली. मुंबईच्या काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेलची इमारत, जी पुढे एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाऊ लागली, ती १८६७ ते १८६९ या काळात उभी राहिली. तिचा बिडाचा सांगाडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याच्या आराखड्यानुसार इंग्लंडात तयार होऊन जहाजाने मुंबईस आला. असा सांगाडा मागविणाऱ्याला भोक जुळत नाही म्हणून तो खांब कारखान्यात परत धाडण्याची सोय नव्हती. जे काही करावयाचे ते जागेवरच. जागेवर काय करावे आणि काय करू नये, याचा विचार मात्र तोवर कोणीही पद्धतशीरपणे मांडलेला नव्हता. तो मांडावयास भाग पाडणारी घटना स्कॉटलंडात घडली.

डंडी शहराजवळ टे नदीच्या मुखावर सुमारे दोन मैल लांबीचा रेल्वेपूल बांधण्याचे काम १८७१ मध्ये सुरू झाले. अभियंता टॉमस बाउच. नदीच्या तळाशी खडक जवळ आहे असे प्राथमिक चाचण्यांवरून वाटले होते. प्रत्यक्षात तो खडक नसून गोट्यांचा पातळ थर निघाला. तेव्हा वीटकामाचे जड खांब सोडून देऊन, खाली दगडी बैठक आणि वर बिडाच्या सहा पोकळ खांबांचा जुडगा, अशी हलकी योजना स्वीकारण्यात आली. खांब तिरकस ताणपट्ट्यांनी एकमेकांशी बांधलेले होते. या ताणपट्ट्या खांबांना जोडण्यासाठी खांबाच्या अंगातूनच ओतलेले बिडाचे कान बाहेर काढलेले होते. पूल १८७८ च्या जून महिन्यात उतारूंसाठी खुला झाला. पुढल्या वर्षी राणी व्हिक्टोरिया त्यावरून गेली आणि बाउच यास 'सर' ही पदवी मिळाली. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात मधले उंच गाळे, त्यांखालील बारा खांबजुडगे आणि त्यांवरून चाललेली आगगाडी यांसह, नदीत कोसळले. गाडीतील एकही मनुष्य वाचला नाही. मृतांची संख्या त्या काळी सुमारे ७५ धरली गेली; नावानिशी निश्चित झालेले मृत ५९ आहेत. (गाडीचे इंजिन मागाहून नदीतून वर काढून दुरुस्त करण्यात आले आणि १९१९ पर्यंत ते चालले. रेल्वेच्या लोकांनी त्याचे नाव 'पाणबुड्या' ठेवले होते.)

चौकशीसाठी हेन्री रॉदरी, कर्नल विल्यम योलंड आणि विल्यम हेन्री बार्लो या तिघांचे न्यायमंडळ नेमले गेले. १८८० साली त्यांच्यापुढे जी साक्ष झाली ती बांधकामाच्या सामाजिक इतिहासाचे एक असामान्य साधन आहे. कारण तीत केवळ अभियंते बोलले नाहीत. ओतारी, रंगारी आणि फिटर हेही बोलले. पुलाचा आराखडा, बांधणी आणि देखभाल हे तिन्ही सदोष होते, असा रॉदरी याचा निष्कर्ष होता, आणि बाउचवर त्याने स्पष्ट ठपका ठेवला. बाउच त्याच वर्षाच्या ३० ऑक्टोबरला मरण पावला. वाऱ्याच्या दाबाचा विचार त्याने केला नाही, हाच सर्वांत गाजलेला आक्षेप होय. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने साक्षीतील तीन तपशील त्याहून अधिक बोलके आहेत, आणि ते तिन्ही बोल्टांविषयीचे आहेत.

पहिला तपशील पायाचा. खांबांच्या बुडाशी असलेले बोल्ट दगडी बैठकीच्या वरच्या दोन थरांपलीकडे गेलेले नव्हते. पूल कोसळला तेव्हा काही बैठकींवर बोल्ट तुटले नाहीत, आटे झिजले नाहीत. बोल्टांनी धरलेले दगडच उपटून निघाले. म्हणजे लोखंडाची बळकटी कितीही असली, तरी त्याला धरून ठेवणारे वजन फक्त दोन थरांचे होते. दुसरा तपशील भोकांचा. बिडाच्या कानांतील भोके सामत्याने पाडलेली नव्हती. ती ओततानाच साच्यात ठेवलेली होती. साच्यातील गाभा सुटून यावा म्हणून तो किंचित निमुळता करावा लागतो. त्यामुळे भोकही निमुळते होते. अशा भोकात सरळ बोल्ट घातला तर तो सर्व बाजूंनी न टेकता एकाच कडेवर टेकतो, आणि सगळा भार त्या कडेवर येतो. लंडनमध्ये डेव्हिड किर्काल्डी याच्या प्रयोगशाळेत या कानांची परीक्षा झाली, तेव्हा ते अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भाराला तुटले. सामत्याचा खर्च वाचला होता, एवढेच. त्याच ओतशाळेत बिडातील पोकळ्या मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या लुकणाने भरून वरून रंग दिला जाई, हेही साक्षीत बाहेर आले. हा प्रकार कुप्रसिद्ध झाला खरा. परंतु निमुळते भोक हे त्याहून गंभीर होते, कारण त्यात कोणी लबाडी केलेली नव्हती. ते सर्वांना ठाऊक होते आणि कोणालाही ते वावगे वाटले नव्हते.

तिसरा तपशील हेन्री नोबल या माणसाचा. पूल सुरू झाल्यावर देखरेखीसाठी नेमलेला हा निरीक्षक मूळचा गवंडी. पायाची आणि वीटकामाची त्याला चांगली जाण होती. लोखंडी कामाचा अनुभव नव्हता. १८७८ च्या शरदात ताणपट्ट्यांचा खडखडाट त्याच्या कानी आला. पाहतो तो सांध्यातील पाचरी सैल झालेल्या. त्याने लोखंडी पट्टीचे तुकडे आणून त्या फटींत ठोकून बसविले. असे तुकडे शंभराहून अधिक होते. खडखडाट थांबला. बाउचला त्याने हे कळविले नाही.

इतिहासकारांनी नोबलवर बरेच कठोर लिहिले आहे. ते सर्वस्वी न्याय्य म्हणता येणार नाही. फट दिसली की ती भरावी, हे गवंड्याच्या हाडीमासी खिळलेले ज्ञान आहे. दगडकामात चीप ठोकणे हा दोष नव्हे, ते कौशल्य आहे. त्याने जे केले ते आपल्या कसबाला धरूनच केले. परंतु लोखंडी सांगाड्यात फट ही केवळ पोकळी नसते, ती एक बातमी असते. ताणपट्टी सैल झाली याचा अर्थ खांब मूळ जागेवरून हलला आहे, किंवा कान वाकला आहे, किंवा बोल्ट भोकात घसरला आहे. फटीत पट्टी ठोकल्याने खांब मूळ जागी परत गेला नाही. तो जेथे सरकला होता तेथेच, त्या वाकड्या अवस्थेतच, पक्का झाला. न्यायमंडळानेही हे नमूद केले. आणि बातमी तेथेच संपली. ती कोणाला द्यावी, कोणत्या कागदावर द्यावी, दिल्यावर कोणी काय करावे, याची काही व्यवस्थाच त्या पुलाच्या कारभारात नव्हती. हजारो टन लोखंडाच्या देखभालीसाठी एका गवंड्याला नेमणारी व्यवस्था त्याच्याहून अधिक दोषी ठरते.

पूल नेमका कशाने पडला, यावर अजून एकमत नाही. १९९० नंतरच्या दशकात मार्टिन आणि मॅक्लाउड यांनी आधुनिक गणिताने पुन्हा हिशेब केला आणि वाऱ्याचा दाबच पुरेसा होता असे मत मांडले. पीटर लुईस यांनी उलटपक्षी अवशेषांच्या जुन्या छायाचित्रांचा सूक्ष्म अभ्यास करून, वारंवार होणाऱ्या हालचालीने बिडाचे कान थकून तडकले होते, असे प्रतिपादन केले. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. तथापि दोहोंनाही एक गोष्ट मान्य करावी लागते, ती ही की सांधे ढिले होते. वारा हा त्या रात्रीचा होता, ढिलाई जुनी होती.

या घटनेचा परिणाम ताबडतोब दिसून आला. १८८१ मध्ये वाऱ्याच्या दाबासाठी दर चौरस फुटास ५६ पौंड हे प्रमाण ठरविण्यात आले. १८८२ ते १८९० या काळात फाउलर आणि बेकर यांनी बांधलेल्या फोर्थ पुलाच्या प्रत्येक वर्तुळाकार दगडी बैठकीत अडीच इंच जाडीचे ४८ पोलादी बोल्ट खोलवर पुरलेले आहेत. टे पुलावरचे दोन थर आणि फोर्थवरचे हे ४८ बोल्ट शेजारी मांडून पाहिले, म्हणजे त्या दशकात अभियंत्यांच्या मनावर काय बिंबले याची कल्पना येते. पण फोर्थचे उत्तर हे मुख्यतः बळाचे उत्तर होते. चुकीचे उत्तर निराळे होते, आणि ते फ्रान्समध्ये मिळाले.

तत्पूर्वी अमेरिकेतील एका प्रसंगाचा उल्लेख करावयास हवा. सेंट लुई येथे मिसिसिपी नदीवर जेम्स ईड्स याने पोलादी नळ्यांच्या कमानींचा पूल बांधला. १८७३ च्या सप्टेंबरात कमानीचे दोन अर्धभाग मध्यभागी मिळावयाचे होते. उन्हाने पोलाद प्रसरण पावले होते आणि शेवटचा तुकडा बसेना. कमानीला बर्फ बांधून ती आकसविण्याचा प्रयत्न झाला. तो पुरेसा पडला नाही. पण ईड्सने अशी वेळ येईल हे आधीच ओळखून आट्यांचे, लांबी कमीजास्त करता येतील असे तुकडे तयार ठेवविले होते. तेच अखेर कामी आले. चूक होणारच हे गृहीत धरून तिच्यासाठी आराखड्यातच जागा ठेवावयाची, ही कल्पना येथे स्पष्टपणे दिसते.

पॅरिसच्या मनोऱ्यात ती परिपूर्ण झाली. गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीने २८ जानेवारी १८८७ रोजी खोदकामास प्रारंभ केला. जूनअखेर पाये पुरे झाले आणि १ जुलैपासून लोखंड चढू लागले. मनोऱ्याच्या चार पायांपैकी प्रत्येकाला चार तिरकस कोनखांब, म्हणजे एकंदर सोळा. आणि प्रत्येक कोनखांबासाठी दगडी बांधकामाचा स्वतंत्र चौथरा. नदीच्या बाजूचे पाये पाण्याच्या पातळीखाली जात असल्याने ते दाबलेल्या हवेच्या पेट्यांत बसून खोदावे लागले. प्रत्येक चौथऱ्यात ७.८० मीटर लांब आणि १० सेंटिमीटर जाड असे दोन बोल्ट तिरके पुरले होते. आयफेलच्या हिशेबाने मनोरा उभा राहण्यास या बोल्टांची आवश्यकताच नव्हती. स्वतःच्या वजनाने तो टिकणारा होता. परंतु कललेले पाय एकमेकांना मिळेपर्यंत, म्हणजे बांधणीच्या काळात, ते उपयोगी होते, आणि पुढेही अधिक सुरक्षिततेसाठी राहू दिले गेले.

येथील अडचण टे पुलाहून वेगळ्या जातीची होती. पायाची चूक जमिनीवर लहान असते, पण तिरका खांब ती वर नेतो आणि वाढवितो. एका पायाचे कोनखांब तळाशी सुमारे १५ मीटर अंतरावर आहेत. त्यांतील एका बाजूचे चौथरे दुसऱ्या बाजूहून केवळ ५ मिलिमीटर उंच राहिले, तर सगळा पाय तीन हजारांत एक एवढा कलतो. पहिला मजला ५७ मीटरांवर आहे, म्हणजे तेथे ही चूक १९ मिलिमीटरांची होते. चारही पाय त्या उंचीवर आडव्या गर्डरांनी जोडावयाचे, आणि गर्डरांची रिव्हेटांची भोके लव्हाल्वा-पेरे येथील कारखान्यात मिलिमीटराच्या दशांशापर्यंत आखून आधीच पाडलेली. जागेवर भोक वाढवावयाचे नाही, तुकडा जुळला नाही तर तो कारखान्यात परत जाईल, असा आयफेलचा नियम होता. हा नियम ऐकावयास कठोर वाटतो. त्याचे खरे मर्म असे की, चूक सुधारण्याची जागा त्याने भोकातून काढून दुसरीकडे नेली.

ती जागा होती कोनखांबाच्या बुडाशी असलेला ओतीव बूट. या बुटात ८०० टन उचलू शकणारा पाण्याच्या दाबाचा जॅक बसेल अशी पोकळी ठेवलेली होती. जॅक चढविला की कोनखांब उचलला जाई, मग बूट आणि खांब यांच्या फटीत पोलादी पट्ट्या सरकवावयाच्या आणि जॅक उतरवावयाचा. वर, ज्या लाकडी पहाडांवर कललेले पाय टेकले होते, तेथे वाळूने भरलेल्या नळ्या ठेवल्या होत्या. वाळू थोडीशी सोडली की खांब तितकाच खाली येई. खालून उचलावयाची सोय, वरून उतरवावयाची सोय, आणि या दोहोंच्या मध्ये पाय जिकडे हवा तिकडे मिलिमीटरांनी झुकविता येई. ७ डिसेंबर १८८७ रोजी पहिल्या मजल्याचे गर्डर चारही पायांना जोडले गेले. मनोरा ३१ मार्च १८८९ रोजी पुरा झाला. अडीच वर्षांहून कमी काळात इतके काम उरकले याचे श्रेय सामान्यतः आराखड्यांच्या सूक्ष्मतेला दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. सूक्ष्मता कारखान्यात होती. जमिनीवर होती ती चुकीची तरतूद.

नोबलच्या पट्ट्या आणि आयफेलच्या पट्ट्या या वस्तू म्हणून पाहिल्या तर एकच आहेत: फटीत घातलेले लोखंडाचे तुकडे. फरक कोठे आहे ते पाहणे उद्बोधक ठरते. आयफेलच्या पट्टीची जागा, तिच्यावर येणारा भार आणि ती घालण्याची वेळ आधी कागदावर ठरलेली होती, आणि ती घालणाऱ्याला काय साधावयाचे आहे हे ठाऊक होते. नोबलची पट्टी कोणत्याही कागदावर नव्हती.

विसाव्या शतकात या प्रश्नाला कायद्याचे अंग आले. गगनचुंबी इमारतींच्या अमेरिकेत पाया एका कंत्राटदाराचा, पोलाद दुसऱ्याचा आणि चढविणारा तिसरा, अशी विभागणी रूढ झाली. बोल्ट चुकले तर भुर्दंड कोणी सोसावयाचा, यावर तंटे होणे अपरिहार्य होते. तेथील पोलाद-बांधकाम संस्थेने १९२४ मध्ये प्रमाणित प्रथांची जी संहिता प्रसिद्ध केली, ती अशा तंट्यांच्याच पोटी जन्मली. तिच्या पुढील आवृत्त्यांत पायाचे बोल्ट बसविण्याची जबाबदारी मालकाच्या बाजूवर टाकलेली आढळते आणि चुकीची मर्यादाही आकड्यांत सांगितलेली असते. शतकाच्या उत्तरार्धातील आवृत्त्यांनुसार एका गटातील कोणत्याही दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतरात ⅛ इंच, शेजारच्या दोन गटांच्या मध्यांत ¼ इंच, आणि खांबांच्या रांगेत दर शंभर फुटांस ¼ इंच याप्रमाणे जमा होत जाऊन एकूण १ इंच, एवढा फरक क्षम्य मानला जाई. ⅛ इंच म्हणजे आपल्याकडील गवंड्याचे एक सूत. दीडशे वर्षांच्या घासाघिशीनंतर यंत्रकार अखेर गवंड्याच्या मापापर्यंत आला, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

या मर्यादेला जोडूनच तळपट्टीची भोके मोठी करण्याची प्रथा आली. एक इंच व्यासाच्या बोल्टासाठी पावणेदोन इंचांहूनही मोठे भोक पाडावयाचे आणि वरून जाड चौकोनी वॉशर घालून ते झाकावयाचे. टे पुलाच्या कानांतील सैल बोल्ट आणि हे सैल भोक यांत वरवर साम्य दिसले, तरी ते फसवे आहे. येथे खांबाचा भार तळपट्टीखालच्या सिमेंटच्या गाऱ्यावरून थेट पायात उतरतो, आणि आडवा रेटा मोठा असेल तर वॉशर तळपट्टीला वितळजोडाने पक्का करतात. ढिलाई बांधणीपुरती असते. बांधणी संपली की ती बंद होते. बोल्टाभोवती वरच्या भागात पत्र्याची नळी ठेवून, काँक्रीट आवळल्यावरही टोक थोडे वाकविता यावे अशी योजनाही पुष्कळ ठिकाणी करतात. जुन्या इंजिनांच्या ओट्यातील आरपार भोकाचीच ही छोटी आवृत्ती होय.

एवढे करूनही बोल्ट चुकतातच. मग जागेवरचे उपाय सुरू होतात: बोल्ट वाकविणे, तापवून वाकविणे, तळपट्टीचे भोक ज्योतीने कापून लांबट करणे, आखूड बोल्टाला तुकडा वितळजोडाने जोडणे, किंवा जुना बोल्ट छाटून काँक्रीटमध्ये नवे भोक पाडून राळेच्या चिकट द्रव्याने नवी सळई बसविणे. यांतील प्रत्येक उपाय योग्य असू शकतो आणि प्रत्येक उपाय घातक ठरू शकतो. ते पोलादाच्या जातीवर अवलंबून असते. मऊ पोलादाची सळई थंड असताना वाकविली तरी बिघडत नाही. तीच गोष्ट उष्णसंस्कार केलेल्या कणखर पोलादाला केली, किंवा त्याला वितळजोड दिला, तर ते ठिसूळ होऊन पुढे कधीतरी भार येताच तुटते. वरून पाहता दोन्ही सळया सारख्याच दिसतात. म्हणूनच अमेरिकेतील १९९४ च्या मानकात अशा सळयांच्या तीन प्रती ठरवून त्यांच्या टोकांना निरनिराळे रंग देण्याची सोय केली गेली. कामकऱ्याच्या डोळ्याला कळेल असे ते एक चिन्ह होते.

त्यानंतरचा नियम अधिक महत्त्वाचा. पोलाद चढविताना खांब उलथून कामकरी दगावण्याचे प्रसंग वारंवार येत असल्याने अमेरिकेतील कामगार-सुरक्षा खात्याने १९९४ मध्ये मालक, कामगार संघटना आणि कंत्राटदार यांची एक वाटाघाटी समिती नेमली. तिच्या कामातून निघालेले नियम जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी अंमलात आले. त्यांनी प्रत्येक खांबाला निदान चार बोल्ट हवेत असे ठरविले. खांबाच्या माथ्याशी, त्याच्या बाहेरच्या कडेपासून १८ इंचांवर ३०० पौंडांचा भार आला तरी खांब उभा राहिला पाहिजे, असेही ठरविले. हा भार म्हणजे अवजारांसह खांबावर चढलेला एक माणूस. आकड्यामागे माणूस असा क्वचितच दिसतो. आणि तिसरे कलम असे की, पायाचा कोणताही बोल्ट दुरुस्त करावयाचा, बदलावयाचा किंवा जागेवर फिरवावयाचा, तर त्या इमारतीच्या संरचना-अभियंत्याची संमती घेतलीच पाहिजे, आणि अशी दुरुस्ती झाली असल्यास चढविणाऱ्या कंत्राटदारास ती चढविण्यापूर्वी लेखी कळविली पाहिजे. १८७८ साली हेन्री नोबलजवळ नव्हता तो कागद १२३ वर्षांनी कायद्याने अस्तित्वात आला.

भारतात फाउंडेशन बोल्टांचे मानक १९७० साली आले, पोलादी सांगाडे तयार करताना चालणाऱ्या चुकीचे १९७४ साली, आणि ते उभारताना चालणाऱ्या चुकीचे १९८९ साली. हा क्रम सूचक आहे. आधी वस्तू, मग कारखाना, आणि सर्वांत शेवटी जागा. औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या मानकांचे मसुदे आणि त्यांवर झालेल्या चर्चा यांकडे साधन म्हणून पाहावयास हवे. सार्वजनिक बांधकाम खात्यांची मोजमाप-पुस्तके, रेल्वेच्या पुलांची तपासणी-वृत्ते आणि कंत्राटांवरून झालेले दावे हेही याच जातीचे साहित्य होय. त्यांत नोबलसारखे कारागीर स्वतःच्या शब्दांत बोलत असण्याचा संभव, प्रसिद्ध अभियंत्यांच्या चरित्रांपेक्षा पुष्कळच अधिक आहे.

टे नदीवरचा नवा पूल विल्यम बार्लो आणि त्याचा मुलगा यांच्या आराखड्यानुसार विल्यम अरोल याने बांधला. तो १८८७ मध्ये खुला झाला. जुन्या पुलाचे जे गाळे कोसळले नव्हते त्यांतील पुष्कळसे गर्डर उचलून नव्या पुलावर बसविण्यात आले. ते चांगले होते. जुने बिडाचे खांब मात्र काढून टाकले, आणि त्यांच्या दगडी बैठकींचे बुंधे नव्या पुलाच्या बाजूने ओळीने पाण्याबाहेर डोकावताना आजही दिसतात.